एका अल्बमचं बिऱ्हाड

हिंगण्याच्या एमआयडीसीत माझ्या उमेदीची बारा-तेरा वर्षं गेली आणि त्यातली निम्मी ड्रॉप हॅमरच्या आवाजात. भट्टीतून काढलेला लालभडक तुकडा डायवर ठेवायचा, वरून हॅमर कोसळायचा, पायाखालची जमीन हादरायची. पुन्हा तुकडा, पुन्हा हॅमर. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने टी-पॉइंटकडे येताना सगळे पेंगत असायचे आणि मी कानाला वॉकमन लावून ज्युडास प्रीस्ट ऐकत बसायचो. शेजारचा एकदा वैतागून म्हणाला, ‘‘अबे, आठ तास ठोकठोक ऐकून पोट नाही भरलं का तुझं?’’ त्याला उत्तर देणं मला तेव्हा जमलं नाही. घरीही फारसं वेगळं नव्हतं. ‘हे गाणं आहे का भांडण?’ असा वडिलांचा कायमचा प्रश्न होता.

उत्तर त्या संगीताच्या जन्मगावात आहे. ज्याला हेवी मेटल म्हणतात, ते वाढलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणं करून बोटांना लावली, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, खोल आवाज आकाराला आला. ज्युडास प्रीस्टही त्याच पट्ट्यातला, १९६९ साली सुरू झालेला. त्याचा गायक रॉब हॅलफर्ड याचा जन्म १९५१चा. तो वाढला वॉल्सॉल गावातल्या बीचडेल नावाच्या वसाहतीत. शाळेच्या वाटेवर पिग आयर्नचा कारखाना होता आणि त्याचा धूर छातीत घेऊनच वर्गात जावं लागे, असं त्याने सांगितलं आहे. आमच्याकडे फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला पिग आयर्न म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. त्या पोराच्या गळ्यातून पुढे जे निघालं, तेही समजावून सांगावं लागू नये.

१९८० साली प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ हा अल्बम आला. पोलादावरच नाव. त्यातल्या एका गाण्यात लोखंडी पायांची फौज चालत येते आहे असा आवाज हवा होता. मुद्रण चाललं होतं ते बीटल्सच्या रिंगो स्टारच्या बंगल्यात, पूर्वी तो जॉन लेननचा होता. या मंडळींनी स्वयंपाकघरातला काटे-चमच्यांचा ट्रे आणला आणि तो आपटून आपटून फौज चालवली. दुसऱ्या एका गाण्यात काच फुटते, त्यासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. कारखान्याच्या गावात वाढलेल्या पोरांना कारखान्याचा आवाज कुठून काढायचा ते नेमकं कळत होतं. हा काटे-चमच्यांचा ट्रे ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

हॅलफर्डचा आवाज म्हणजे चमत्कारच. खालच्या पट्टीत पुटपुटता पुटपुटता तो एकदम अशा टिपेला जायचा की भोंगा वाजल्यासारखं वाटावं. काळं कातडी जाकीट, त्यावर खिळे आणि साखळ्या, आणि मंचावर चक्क मोटरसायकलवरून आगमन. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्याने हा वेष घेतला आणि जगभरच्या मेटलवाल्यांचा तो गणवेशच झाला. नागपुरात मे महिन्यातल्या उन्हात काळं जाकीट घालून धरमपेठेत फिरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

१९९० हे साल या बँडला दोन्ही अंगांनी आठवत असेल. त्या वर्षी त्यांचा ‘पेनकिलर’ आला, जो आजही या संगीतातला मैलाचा दगड मानतात. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनो गावी, त्यांना न्यायालयात उभं राहावं लागलं. १९८५ साली दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. प्रीस्टच्या एका गाण्यात आत्महत्येला उद्युक्त करणारा छुपा संदेश आहे, असा कुटुंबीयांचा दावा होता. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. पण आपण गातो त्यात आपल्याला ठाऊक नसलेलं काही लपलं आहे काय, असं जगाने विचारावं आणि त्या माणसाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘नाही’ म्हणावं, हा प्रसंग मला फार विचित्र वाटतो. कारण लपवलेलं एक होतंच. ते गाण्यात नव्हतं.

त्यानंतरच्या दौऱ्याअखेर हॅलफर्डला बँडमध्ये राहूनच बाजूला स्वतःचं काही करायचं होतं. करारमदारांच्या पत्रव्यवहारात गैरसमज वाढत गेले आणि १९९२च्या सुमारास तो प्रीस्टमधून बाहेर पडला. त्याने ‘फाइट’ नावाचा बँड काढला, १९९३ आणि १९९५मध्ये त्याचे दोन अल्बम आले आणि तोही थांबला. इकडे प्रीस्टने १९९६ साली टिम ओवेन्स हा अमेरिकन गायक घेतला. हा पठ्ठ्या आधी प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता. म्हणजे मूळ नट निघून गेला आणि त्याची नक्कल करणाऱ्यालाच कंपनीने भूमिका दिली. आपल्या संगीत नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. फाइट मोडल्यावर हॅलफर्ड जॉन लाउरी या तरुण अमेरिकन गिटारवादकाबरोबर नवी गाणी बांधायला लागला. बॉब मार्लेट हा निर्माता सोबतीला होता. बँडचं नाव ‘टू’, पण लिहायचं कसं, तर त्या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर काढून तिथे दोनचा आकडा घालून. नव्वदच्या दशकात असले चाळे फार चालत. साइड प्रोजेक्ट असं त्याला म्हणतात खरं, पण मूळ घर सुटल्यावर बाजूचं घर कशाला म्हणायचं? मला ते बिऱ्हाड वाटतं. माणूस एका घरातून निघाला आहे, दुसरं अजून मिळालेलं नाही, तोवर दोन भांडी आणि एक सतरंजी घेऊन कुठेतरी टेकला आहे.

तो काळ इंडस्ट्रियल म्हटल्या जाणाऱ्या संगीताचा होता. नाव कारखान्याचं, पण आवाज निघणार संगणकातून. तुटक, यांत्रिक ठेका, गाळून खरवडलेली गिटार, कुजबुजणारा गायक. त्यातला सगळ्यात मोठा माणूस नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझ्नर. १९९४चा त्याचा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ तुफान गाजला होता. न्यू ऑर्लिन्समध्ये एका जुन्या अंत्यविधीगृहात त्याचा स्टुडिओ होता आणि ‘नथिंग’ नावाची स्वतःची कंपनी होती. हॅलफर्ड तिथे जाऊन भेटला, आपली ध्वनिफीत दिली. रेझ्नरला त्यात काही दिसलं. मात्र ती गाणी आधी बऱ्यापैकी गिटारप्रधान होती, ती डेव्ह ओगिल्वी या मिश्रणकाराच्या हातून पुन्हा नव्याने घडवली गेली, रेझ्नरच्या देखरेखीखाली. मार्च १९९८मध्ये अल्बम बाहेर पडला. नाव ‘व्हॉयर्स’, म्हणजे दुसऱ्यांचं खासगी चोरून पाहणारे. अकरा गाणी. पहिल्याच गाण्याचं नाव ‘आय ॲम अ पिग’. मला त्यात वॉल्सॉलचं पिग आयर्न ऐकू आलं, पण तो माझा धंद्याचा दोष.

आमच्यापर्यंत हे कसं पोचलं तेही सांगतो. अलाहाबादहून निघणारं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आम्हा पाच-सहा जणांत हातोहात फिरायचं, आणि ज्याला जे मिळेल ते तो बाकीच्यांना कॅसेटवर भरून द्यायचा. आमच्यातला एक जण, माझ्याच विभागात तपासणीला होता, तो पुण्याला भावाकडे गेला असताना ‘व्हॉयर्स’ भरून घेऊन आला. नव्वद मिनिटांची कॅसेट, पाठीवर त्याच्या सुरेख अक्षरात गाण्यांची नावं.

मी पहिल्या रात्री ती कॅसेट लावली आणि चिडलो. ज्या गळ्यासाठी ऐकायचं तो गळाच गायब. भोंगा नाही, टीप नाही. यंत्रातून काढलेला, चेपलेला, कानाशी लागून कुजबुजल्यासारखा आवाज. गिटार आहे, पण अशी कापलेली की बोटं दिसत नाहीत. आणि कारखान्याचा आवाज म्हणाल, तर तो कारखाना कधी न पाहिलेल्यांनी काढलेला. इथे मला तो काटे-चमच्यांचा ट्रे आठवला. १९८०मध्ये चमचे आपटून या माणसाने खरं लोखंड चालवलं होतं, आणि १९९८मध्ये लाखमोलाची यंत्रं हाताशी असताना सगळं प्लास्टिकचं झालं होतं. हे माझं तेव्हाचं मत. आजही अर्ध्याहून जास्त तेच आहे. ज्या घरी तो राहायला गेला, त्या घराचा मालक फार मोठा होता. रेझ्नरचं सामान सगळीकडे पसरलेलं आणि हॅलफर्ड आपला कोपऱ्यात.

पण अलीकडे पुन्हा ऐकताना काही गाण्यांपाशी मी थांबलो. ‘स्टटर किस’मध्ये आणि विशेषतः शेवटच्या ‘बेड ऑफ रस्ट’मध्ये तो जसा गातो, तसा प्रीस्टमध्ये क्वचितच गायला. तिथे तो कायम सेनापती होता, हजारोंच्या मैदानापुढे उभा. इथे खोलीत एकटा बसलेला मध्यमवयीन माणूस आहे. टिपेला जायचंच नाही असं ठरवल्यावर माणसाला दुसरं काहीतरी सांगावं लागतं. ते त्याला सगळीकडे साधलंय असं नाही. प्रयत्न मात्र ऐकू येतो.

या अल्बमच्या प्रसिद्धीसाठी तो न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या स्टुडिओत गेला होता. तारीख ४ फेब्रुवारी १९९८. अल्बम यायला महिना अवकाश होता. गप्पांच्या ओघात, नव्या गाण्यांविषयी बोलता बोलता, आपण समलिंगी आहोत असं तो सरळ बोलून गेला. ठरवून नाही. त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे की वाक्य तोंडातून गेलं आणि स्टुडिओत कुणाच्या तरी हातातला क्लिपबोर्ड खाली पडल्याचा आवाज आला. तेव्हा त्याचं वय ४६ होतं. प्रीस्टमधल्या साथीदारांना ही गोष्ट वर्षानुवर्षं माहीत होती. जगाला सांगितली तर बँडचं नुकसान होईल, या मर्दानी संगीताचे चाहते तोंड फिरवतील, या धास्तीने तो गप्प होता. दारूत बुडाला होता, मरणाच्या दारात जाऊन आला, जानेवारी १९८६मध्ये दारू सोडली, तरी हे सुटलं नव्हतं.

तो काळ आठवून पाहावा. जॉर्ज मायकेलने याविषयी उघड बोलायला अजून दोन महिने होते, आणि तेही अटक झाल्यावर. आपल्याकडे त्याच वर्षाच्या अखेरीस दीपा मेहतांच्या ‘फायर’ चित्रपटावरून मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी १९८१मध्येच ‘मित्राची गोष्ट’ आणलं होतं, पण ते नाटक पाहिलेला माणूस हिंगण्यात मला तरी भेटलेला नव्हता. बिंदुमाधव खिरे यांचा ‘समपथिक’ ट्रस्ट पुण्यात सुरू व्हायचा होता, ते साल २००२. कायद्याने तर ही गोष्ट गुन्हाच होती.

बातमी आमच्यापर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले. दुपारच्या सुटीत कॅन्टीनच्या मागे आम्ही चौघं-पाच जण बसलो होतो. कुणीतरी मासिक आणलं होतं. आम्ही काय केलं असेल? हसलो. मीही हसलो. ते कातडी जाकीट, त्या साखळ्या, सगळ्यावर एकेकाने शेरे मारले, आणि सगळ्यात मोठा हशा माझ्या शेऱ्याला पडला. तो इथे सांगत नाही. ज्याने कॅसेट भरून आणली होती, तो हातातला पाव संपवून उठला आणि शिटी व्हायला वेळ असूनही आत गेला. त्या दिवशी मला त्यात काही दिसलं नाही. तपासणीवाले तसेही तुसडे असतात, असं वाटलं. पुढे वर्षभरात त्याने नोकरी सोडली आणि पुण्याला गेला.

हॅलफर्डच्या चाहत्यांनी मात्र आमच्यापेक्षा बरं वर्तन केलं. ज्याची त्याला आयुष्यभर भीती होती, ते घडलंच नाही. पत्रांचा ओघ लागला, बहुतेक आपुलकीची. मेटल ऐकणारी, वरून दांडगी दिसणारी पोरं त्याला लिहीत होती की आम्हीही असेच आहोत. चाहत्यांनी नाकारलं ते त्याला नव्हे, अल्बमला. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण अल्बम पडला तो त्याने खरं सांगितलं म्हणून, अशी एक सोयीची गोष्ट रचता आली असती. तसं झालं नाही. जुन्या चाहत्यांना त्यात प्रीस्ट सापडला नाही आणि रेझ्नरच्या श्रोत्यांना रेझ्नर असताना दुसरा कशाला, असं वाटलं. थोडे कार्यक्रम झाले, खप बेताचाच राहिला आणि बिऱ्हाड मोडलं. जॉन लाउरी १९९८मध्येच मॅरिलिन मॅन्सनकडे गेला. तिथे त्याला ‘जॉन ५’ हे नाव मिळालं आणि आज जग त्याला त्याच नावाने ओळखतं. २०२२पासून तो मॉटली क्रूमध्ये वाजवू लागला. रेझ्नर आपल्या कामाला लागला होता.

असली बिऱ्हाडं आपल्याकडेही झाली. मुंबईचा रॉक मशीन हा १९८४चा बँड. त्याने पुढे इंडस क्रीड असं नाव घेतलं आणि १९९७मध्ये तो थांबला. त्याचा गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाने एकत्र आले आणि ‘कश्मकश’ हा अल्बम केला. तबल्याचे बोल, हिंदी शब्द, रॉकची गिटार असा तो प्रकार. तोही फार काळ टिकला नाही. २०१०मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला आणि २०१२मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ आला. ते कट्टर मेटल नव्हे, हार्ड रॉक म्हणा, पण जाण्या-येण्याची वाट तीच. घराबाहेर पडून परक्या गावात काहीतरी वेगळं करून पाहायचं, ते चाललं नाही तरी हरकत नाही, आणि परत यायचं ते थोडं बदलून.

हॅलफर्ड तसाच परतला. २००० साली स्वतःच्या नावाच्या बँडबरोबर त्याने ‘रिझरेक्शन’ केला. नाव पुरेसं बोलकं आहे. टीप परत आली होती. त्यात आयर्न मेडनच्या ब्रूस डिकिन्सनबरोबर एक युगुलगीतही आहे, आणि दोन म्हातारे पहिलवान एकमेकांना चाचपत आहेत अशी त्याची मजा आहे. जुलै २००३मध्ये तो प्रीस्टमध्ये परत आल्याचं जाहीर झालं, २००५मध्ये ‘एंजल ऑफ रेट्रिब्युशन’ आला. २०२०मध्ये त्याने ‘कन्फेस’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं, त्यात काहीही हातचं राखलेलं नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने प्रीस्टचा गौरव केला, तेव्हा त्याने मंचावरून स्वतःचा उल्लेख केला तो या बँडमधला समलिंगी माणूस असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाचा क्लिपबोर्ड पडला नाही.

ज्युडास प्रीस्ट हे नाव डोक्यावर असताना ते वाक्य त्याच्या तोंडून गेलं असतं का, याचा मी खूप विचार करतो. मला वाटत नाही. तिथे त्याच्या शब्दामागे चार जणांचा संसार होता. ‘टू’मध्ये गमावण्यासारखं होतं ते फक्त त्याचं स्वतःचं, आणि तेही फार नव्हतं. भाड्याच्या खोलीत माणूस भिंतीला खिळा ठोकताना विचार करतो, पण बोलताना करत नाही.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७बाबतचा निकाल दिला. संध्याकाळी मी टीव्हीवर बातम्या बघत होतो. आठ-दहा दिवसांनी मला पुण्याहून फोन आला. आवाज ओळखायला क्षणभर वेळ लागला, वीस वर्षं झाली होती. त्याने निकालाचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. हिंगण्याची विचारपूस केली, कोण कोण निवृत्त झालं, हॅमर अजून चालतो का, वगैरे. मग म्हणाला, ‘‘ती माझी कॅसेट आहे का रे तुझ्याकडे?’’

होती. पण मधल्या काळात आईने गजर भरायला कोरी कॅसेट मागितली होती आणि मी रागाच्या भरात तीच दिली होती. मी त्याला कॅन्टीनमागच्या त्या दुपारबद्दल जे सांगायचं होतं ते सांगितलं, अडखळत, आणि मग कॅसेटचंही सांगितलं, की एका बाजूला आता विठ्ठलाचा गजर आहे.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो हसला.

‘‘अबे, कोणत्या बाजूला?’’

‘‘ए.’’

‘‘मग बी पाठव ना राजा. ‘बेड ऑफ रस्ट’ त्याच बाजूला आहे.’’

मी दुसऱ्या दिवशी कॅसेट कुरिअर केली, गजरासकट.